डोंगर गप्प आहे, एवढंच

२८ ऑक्टोबर १९७९. जपानच्या मध्यभागी असलेला ओन्ताके नावाचा डोंगर पहाटे फुटला. शिखराजवळच्या उतारावर नवी भोकं पडली, त्यांतून वाफेचे आणि राखेचे लोट उसळले, आणि ती राख वाऱ्याबरोबर शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या गावांपर्यंत गेली. उद्रेक तसा लहानच होता. त्यात कुणी दगावलं नाही. ज्या देशात कुठला ना कुठला ज्वालामुखी सतत धुमसत असतो, तिथे ही बातमी चार दिवसांत शिळी व्हायला हरकत नव्हती.

पण तसं झालं नाही, कारण ओन्ताके फुटेल असं कुणाला वाटतच नव्हतं. बहुतेकांच्या लेखी तो मेलेला ज्वालामुखी होता.

३,०६७ मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे फुजीनंतरचा जपानमधला सर्वांत उंच ज्वालामुखी. शिवाय तो देवाचा डोंगर. पांढरे कपडे घालून, मंत्र म्हणत यात्रेकरू शेकडो वर्षं त्याच्या शिखरावर जात आले आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सामान्य भाविकांसाठी वाटा खुल्या झाल्या, तेव्हापासून तर ही गर्दी वाढतच गेली. एवढी माणसं, एवढी ये-जा, लिहून ठेवायची एवढी सवय असलेला समाज. आणि तरीही हा डोंगर कधी फुटल्याची खात्रीची नोंद कुठेच नव्हती. शिखराजवळच्या एका दरीतून गंधकाच्या वासाची वाफ येत असे. त्या दरीचं नाव 'जिगोकुदानी', म्हणजे नरकाची दरी. पण वाफ म्हणजे काही उद्रेक नव्हे, असं म्हणून सगळे शांत होते.

त्या एका पहाटेने जपानमधल्या शाळकरी पुस्तकांतले दोन शब्द मोडीत काढले. त्या शब्दांची ही गोष्ट आहे. आणि ती वाचताना एक लक्षात ठेवायचं, की या शब्दांवर माणसांचे जीव अवलंबून असतात.

तीन कप्पे

ज्वालामुखीचे तीन प्रकार आपणही शाळेत शिकलो आहोत: जागृत, निद्रिस्त आणि मृत. परीक्षेत दोन गुणांना येणारा प्रश्न. जपानी मुलंही हेच शिकायची. जपानीत ज्वालामुखीला 'काझान' म्हणतात, म्हणजे आगीचा डोंगर. त्याचे तीन प्रकार: 'कात्सुकाझान' म्हणजे जिवंत, 'क्यूकाझान' म्हणजे विश्रांती घेत असलेला आणि 'शिकाझान' म्हणजे मेलेला. फुजी विश्रांती घेणाऱ्यांत मोडायचा.

ही वाटणी ऐकायला सोपी वाटते. पण ती कशावरून करायची? उत्तर होतं, इतिहासावरून. आत्ता धुमसतोय तो जिवंत. पूर्वी फुटल्याचं कुणीतरी लिहून ठेवलंय, पण आता शांत आहे, तो निद्रिस्त. कुणीच काही लिहिलेलं नाही, तो मृत.

इथेच घोळ आहे. अशी वाटणी केली की आपण डोंगराचं वय मोजत नाही, आपल्या दप्तराचं वय मोजतो. जपानात हजार-बाराशे वर्षांच्या लेखी नोंदी सापडतात. इटलीत दोन हजार वर्षांच्या. इतर अनेक प्रदेशांत लेखी नोंदी सुरू होऊन जेमतेम शे-दोनशे वर्षं झाली आहेत. म्हणजे एकाच स्वभावाचे दोन डोंगर, पण एक इटलीत असेल तर 'निद्रिस्त' आणि दुसरा न्यू गिनीत असेल तर 'मृत'. किंवा त्याहून वाईट, म्हणजे ज्वालामुखी म्हणून त्याचं नावच कुठे नाही.

हे काल्पनिक उदाहरण नाही. पापुआ न्यू गिनीमधला लॅमिंग्टन हा जंगलाने झाकलेला डोंगर १९५१ पर्यंत सरकारी दप्तरात ज्वालामुखी नव्हताच. त्याच्या पायथ्याशी ओरोकाइवा लोकांची गावं होती, ऑस्ट्रेलियन प्रशासनाचं हिगातुरू हे ठाणं होतं. जानेवारीच्या मध्यावर उतारावरच्या दरडी कोसळू लागल्या, जमीन हादरू लागली, मग शिखरातून धूर दिसू लागला. २१ जानेवारीला तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट डोंगरावरून खाली धावत आला. सुमारे तीन हजार माणसं मेली. हिगातुरूचं ठाणं नाहीसं झालं.

धोक्याच्या खुणा जवळजवळ आठवडाभर दिसत होत्या. पण ज्या डोंगराला कुणी ज्वालामुखी समजतच नाही, त्याच्या खुणा वाचणार कोण?

पसरत गेलेली व्याख्या

जपानच्या हवामान संस्थेकडे देशातल्या ज्वालामुखींवर लक्ष ठेवण्याचं काम आहे. तिच्या व्याख्येचा प्रवास बघण्यासारखा आहे.

१९७५ मध्ये जपानी तज्ज्ञांच्या समितीने ठरवलं, की ज्याच्या उद्रेकाची नोंद आहे किंवा ज्यातून आत्ता जोरात वाफा निघत आहेत, तो जागृत. अशी यादी केली तेव्हा ७७ नावं झाली. चारच वर्षांनी ओन्ताके फुटला आणि 'मृत', 'निद्रिस्त' या शब्दांचा सगळा आधारच डळमळीत झाला. पुढे हे दोन्ही शब्द तज्ज्ञांनी वापरायचे बंद केले.

मग १९९१ मध्ये व्याख्या बदलली. आता लेखी नोंदींची अट गेली. गेल्या सुमारे दोन हजार वर्षांत जो फुटला असेल तो जागृत, मग कुणी लिहिलेलं असो वा नसो. यादी ८३ वर गेली. २००३ मध्ये हीच मुदत दहा हजार वर्षं झाली. यादी १०८. पुढे अभ्यास होत गेला तशी त्यात भर पडली आणि २०१७ मध्ये आकडा १११ झाला.

या काळात जपानमध्ये नवीन डोंगर उगवले नाहीत. जुनेच डोंगर होते, त्यांच्याकडे बघायची पद्धत बदलली.

कुणी लिहिलेलं नसताना दहा हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक कळतो कसा? डोंगराच्या उतारावर आणि आसपास खड्डे खणतात. मातीचे थर दिसतात. मध्येच राखेचा एक थर येतो, त्याखाली गाडलं गेलेलं झाडाचं खोड किंवा कोळसा सापडतो. त्यातल्या कार्बनवरून ते झाड कधी मेलं हे काढता येतं, आणि झाड मेलं तेव्हा डोंगर फुटला होता. ओन्ताकेच्या बाबतीत पुढे हेच झालं. 'मृत' म्हटलेल्या या डोंगरातून गेल्या दहा हजार वर्षांतही उद्रेक झाल्याचे पुरावे मातीत निघाले. डोंगराने आपली नोंद ठेवलेलीच होती, ती वाचायला कुणी गेलं नव्हतं.

अर्थात दहा हजार ही काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. शेवटचं हिमयुग साधारण त्याच सुमाराला संपलं, त्यानंतरचे थर बऱ्यापैकी शाबूत आहेत, म्हणून तो आकडा सोयीचा. जगभरही साधारण तोच धरतात. पण माणसाच्या आठवणीपेक्षा ही मोजपट्टी खूपच बरी.

फुजीचंच बघा. तो शेवटचा फुटला डिसेंबर १७०७ मध्ये. सोळा-सतरा दिवस राख उडत होती. शंभरेक किलोमीटरवरच्या एदो शहरावर, म्हणजे आजच्या तोक्योवर, राखेचा पाऊस पडला. अराई हाकुसेकी या विद्वानाने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की भर दिवसा दिवे लावायची पाळी आली. तेव्हापासून फुजी गप्प आहे. तीनशेहून जास्त वर्षं. आपल्या हिशेबात शिवकाल संपून पेशवाई येण्याच्या वेळेपासून.

आपल्याला हा काळ प्रचंड वाटतो. पण फुजीचं वय सुमारे एक लाख वर्षं आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हिशेबात मांडलं तर तो जेमतेम तीन महिने बोललेला नाही. तीन महिने गप्प असलेल्या आजोबांना आपण मृत म्हणत नाही.

गप्प का असतो?

ज्वालामुखीच्या पोटात सतत उकळणारी भट्टी असते, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. तसं नसतं. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस साठतो. बराचसा अर्धवट गोठलेला, घट्ट. शेकडो, कधी हजारो वर्षं तो तसाच राहू शकतो. खालून नवा, जास्त गरम रस आला, किंवा आतला वायू साठत गेला, की तो हलतो. वर कुठेही काही दिसत नसताना हे सगळं चालू असू शकतं.

चिलीमधला चायतेन हा याचा धडा. त्याचा आधीचा उद्रेक नऊ हजारांहून जास्त वर्षांपूर्वी झाला होता, असं मानत होते. दहा किलोमीटरवर त्याच्याच नावाचं गाव होतं. डोंगराजवळ भूकंपमापक ठेवायचं कुणाला कारण वाटलं नव्हतं. एप्रिल २००८ च्या शेवटी गावात हादरे बसू लागले आणि २ मे रोजी डोंगर फुटला. गाव घाईघाईने रिकामं केलं म्हणून माणसं वाचली. पण राख आणि चिखलाने भरलेल्या नदीने अर्धंअधिक गाव बुडवलं. नंतर त्या दगडांचा अभ्यास केला तेव्हा कळलं, की खोल साठ्यातला रस पृष्ठभागाजवळ यायला जेमतेम चार तास लागले असावेत. हजारो वर्षांची शांतता आणि चार तासांची सूचना.

यातही एक मेख आहे. उद्रेकानंतर नीट शोध घेतला तेव्हा चायतेन सतराव्या शतकातही फुटल्याचे पुरावे मिळाले. म्हणजे नऊ हजार वर्षांचं मौन त्याने पाळलेलंच नव्हतं.

ओन्ताकेची तऱ्हा वेगळी. तिथे १९७९ मध्ये शिलारस वर आलाच नाही. आतल्या उष्णतेने खडकांतलं पाणी तापलं, त्याची वाफ झाली, आणि प्रेशर कुकरचं झाकण उडावं तसा डोंगराचा एक तुकडा उडाला. अशा वाफेच्या उद्रेकाआधी मिळणाऱ्या खुणा फार कमी आणि फार बारीक असतात. तो मातीतही पातळसा थर सोडून जातो, जो पावसात वाहून जातो. म्हणजे न दिसणारा, न टिकणारा आणि तरीही माणूस मारू शकणारा उद्रेक.

मग मृत म्हणायचं कुणाला?

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळेच डोंगर जागृत म्हणायचे का? आपला सह्याद्रीसुद्धा?

नाही. आणि ते का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आपण ज्या काळ्या कातळावर ट्रेकला जातो, तो सगळा लाव्हाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढले. पण दख्खन मृत आहे तो फार दिवस गप्प आहे म्हणून नव्हे. तो मृत आहे, कारण त्याची रसद तुटली. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका अतितप्त स्रोतातून आला. तो स्रोत जागच्या जागी राहिला आणि भारताची भूमी त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली. वाटेत लक्षद्वीप, मालदीव यांच्या बेटांखालची डोंगररांग तयार झाली. आज तो स्रोत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फूर्नेझ हा जगातल्या सर्वांत जास्त वेळा फुटणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. आपली चूल विझलेली नाही, ती परगावी गेली आहे. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याचे गरम झरे हे खोल भेगांत उतरून तापलेल्या पाण्याचे आहेत, त्याखाली लाव्हा नाही.

म्हणजे 'मृत' म्हणायला शांततेपलीकडचं कारण द्यावं लागतं. रस कुठून येत होता, आणि तो आता का येणार नाही, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर डोंगर गप्प आहे, एवढंच आपल्याला ठाऊक आहे.

भारताकडे याचं जिवंत उदाहरण आहे. अंदमानातलं बॅरन बेट एकोणिसाव्या शतकात शांत झालं आणि दीडशेहून जास्त वर्षं शांत राहिलं. तिथे कुणी राहत नाही, त्यामुळे कुणाला फिकीरही नव्हती. १९९१ मध्ये ते पुन्हा फुटलं आणि त्यानंतर अनेकदा फुटलं आहे. त्या बेटाखाली भारतीय भूपट्टा अजूनही दुसऱ्या भूपट्ट्याखाली घुसतो आहे. म्हणजे रसद चालू आहे. दीडशे वर्षांच्या शांततेने त्यात काही फरक पडला नव्हता.

शब्दाची किंमत

या सगळ्याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो फालतू नाही. डोंगराला जागृत म्हटलं की पर्यटक बिचकतात, जमिनीचे भाव पडतात, हॉटेलं रिकामी राहतात. यंत्रं बसवायला आणि माणसं नेमायला पैसा लागतो. आणि शंभराहून जास्त डोंगर जागृत म्हटल्यावर त्या शब्दाची भीती तरी किती उरणार?

पहिल्या भागाचं उत्तर फिलिपिन्सने दिलं. पिनातुबो पाचेकशे वर्षं शांत होता. उतारांवर दाट जंगल, त्यात आयता आदिवासींची वस्ती, जवळ अमेरिकेचा मोठा हवाई तळ. २ एप्रिल १९९१ रोजी वाफेचे स्फोट झाले आणि आयता लोकांनी ते ज्वालामुखी संस्थेला कळवलं. संस्थेने ते उडवून लावलं नाही. यंत्रं बसवली, अमेरिकन शास्त्रज्ञ मदतीला आले, धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कतिया आणि मोरिस क्राफ्ट या फ्रेंच जोडप्याने केलेली उद्रेकांची फिल्म दाखवली. हजारो माणसं हलवली. १५ जूनला झालेला उद्रेक विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होता. त्याच दिवशी चक्रीवादळही आलं. ओल्या राखेच्या भाराने छपरं कोसळून शेकडो माणसं गेली. तरीही निदान पाच हजार जीव वाचले, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. डोंगर जिवंत असू शकतो, हे वेळेवर मान्य करण्याची ही कमाई.

दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र कडू आहे, आणि ते पुन्हा ओन्ताकेपाशीच घेऊन जातं.

२७ सप्टेंबर २०१४. शनिवार. पानं लाल-पिवळी होण्याचा मोसम, स्वच्छ ऊन. शिखराजवळ दोनशेहून जास्त माणसं होती. काहींनी डबे उघडले होते. ११ वाजून ५२ मिनिटांनी डोंगर फुटला. त्या वेळी वाचलेल्यांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ आजही बघायला मिळतात: करडी भिंत अंगावर येते आणि मग स्क्रीन काळा होतो. बहुतेक लोक उडालेल्या दगडांचा मार बसून गेले. ५८ मृत, ५ बेपत्ता.

आणि आता ओन्ताके 'मृत' नव्हता. तो अधिकृत यादीत जागृत होता. त्यावर यंत्रं होती. १० आणि ११ सप्टेंबरला त्याच यंत्रांनी दिवसाला पन्नासहून जास्त छोटे हादरे टिपले होते. पण धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी कायम ठेवली गेली. त्या पायरीसमोर शब्द लिहिलेला होता: 'नेहमीसारखं'.

चढायला आलेल्या माणसाने त्याचा काय अर्थ घ्यायचा? नेहमीसारखं, म्हणजे काही नाही, चला वर. शास्त्रज्ञांना म्हणायचं होतं, 'जागृत ज्वालामुखी म्हणून नेहमीसारखा.' लोकांनी ऐकलं, 'डोंगर म्हणून नेहमीसारखा.' पस्तीस वर्षं झगडून मिळवलेली व्याख्या एका शब्दाने पुसली.

मृतांच्या नातेवाइकांनी दावा लावला. २०२२ मध्ये नागानो जिल्हा न्यायालयाच्या मात्सुमोतो शाखेने भरपाई नाकारली; पुरेसा विचार झाला असता तरी इशारा वेळेत वाढवला गेला असता असं म्हणता येत नाही, असं कारण दिलं. पण पुरेसा विचार न करता पायरी तशीच ठेवणं चुकीचं होतं, हेही त्याच निकालात लिहिलं.

निकालाच्या आधीच, २०१५ मध्ये, हवामान संस्थेने एक साधी गोष्ट केली होती. पहिल्या पायरीपुढचा 'नेहमीसारखं' हा शब्द काढला. त्याजागी लिहिलं: 'हा जागृत ज्वालामुखी आहे, हे ध्यानात ठेवा.'

गप्प ज्वालामुखीला जागृत म्हणावं का, या प्रश्नाचं उत्तर या एका वाक्यात आहे. जागृत म्हणजे उद्या फुटणार असं नव्हे. तिथे जाऊ नका असंही नव्हे. आजही लोक ओन्ताकेवर जातात. वाटेत आता पक्के निवारे आहेत, सोबत हेल्मेट नेतात, पावलं शिखराकडे असली तरी आसरा कुठे आहे हे बघून ठेवतात. जागृत हा डोंगराबद्दलचा शब्द वाटतो, पण तो आपल्याला नेमून दिलेलं काम सांगतो: यंत्रं चालू ठेवा, माती खणून जुने थर वाचा, स्थानिक माणूस काही सांगत आला तर ऐका. आणि पाटीवर जे लिहाल, ते चढून येणारा माणूस कसं वाचेल, याचा विचार करून लिहा.

फुजी अजून गप्प आहे. दर उन्हाळ्यात लाखो माणसं त्याच्यावर चढतात, सूर्योदयाचे फोटो काढतात आणि खाली येतात. तोक्योवर राख पडली तर रेल्वे, वीज, पाणी यांचं काय करायचं, याचे आराखडे सरकारने तयार ठेवले आहेत. ते कधी लागतील हे कुणी सांगू शकत नाही. फुजीला कुणी आता 'विश्रांती घेणारा' म्हणत नाही, एवढं मात्र झालं आहे.